सहीच्या वरची कोरी जागा

"हाक मार की. तुझा बाप मारायचा तशी."

भाऊ हे म्हणाले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सभापतींच्या दालनामागं एक खोली आहे, तिथं सात जण बसले होते. काही पंचायत समितीचे सदस्य, काही सदस्य बायकांचे नवरे. भाऊ म्हणजे आमच्या सभापतीबाईंचे नवरे. खिडकीला जाड पडदा. टेबलावर बाटल्या, शेंगदाणे, काकडी, मटणाचं मोठं ताट. मी दारात उभी. हातात कच्ची वही आणि पेन.

मी सरकारी नोकर आहे. कनिष्ठ सहाय्यक. सभेत काय झालं ते लिहून ठेवायचं, त्याला इतिवृत्त म्हणतात, ते माझं काम. मेंढरं वळायची हाक मारणं माझ्या कामात कुठं लिहिलेलं नाही.

"का गं लाजतीस?" भाऊ म्हणाले. "सोपानाची पोर हायस ना तू? रक्तातच असंल ते."

सगळे हसले. मी खाली बघितलं. आणि मी हाक मारली.

हो, मारली. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी काय केलं ते ऐकताना कुणी मला शूर समजू नये. जीभ टाळूला लागली आणि ती लांब थरथरती हाक तोंडातून आपोआप निघाली. लहानपणी माळावर आप्पांच्या मागं फिरताना शिकले होते. एकानं टाळ्या वाजवल्या. दुसरा म्हणाला, सेम टू सेम.

हे बीड जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत झालं. कोणत्या तालुक्याच्या ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे दहा उगाच सुटतील.

आप्पा, म्हणजे माझे वडील, याच ऑफिसात शिपाई होते. आमची मेंढरं राखणारी माणसं. पाऊसपाणी झालं की बालाघाटाच्या डोंगरात, उन्हाळ्यात गोदाकाठाला, असं आज्यापर्यंत चाललं. आप्पांना नोकरी लागली तेव्हा घरात बकरं कापलं होतं म्हणे. आता आपला माणूस खुर्चीजवळ बसणार. खुर्चीजवळच होते ते. बसले मात्र कधी नाहीत.

मी चौथीत असताना एकदा त्यांचा डबा द्यायला ऑफिसात गेलते. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आप्पा टॉवेलात बर्फ घालून दगडानं फोडत होते. तेव्हा दुसरे सभापती होते, माणसं मात्र याच जातकुळीची. कुणीतरी म्हणालं, सोपाना, हाक मार. आप्पांनी हातातला बर्फ खाली ठेवला, उभे राहिले, आणि हाक मारली. माळावर त्या हाकेला दोनशे मेंढरं थांबायची. इथं सात माणसं खिदळली. आप्पाही हसले. त्यांचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मी डबा उंबऱ्यावर ठेवून पळाले. आप्पांनी मला बघितलं होतं. घरी आल्यावर ते त्यावर बोलले नाहीत, मीही नाही.

ग्लास धुवायच्या आधी ग्लासात राहिलेलं आप्पा प्यायचे. सुरुवातीला वाया जाऊ नये म्हणून असेल. पुढं पुढं तेच त्यांचं जेवण झालं. साहेब लोक प्यायचे आणि गाडीत बसून जायचे. आप्पा राहिलेलं प्यायचे आणि सायकल हातात धरून चालत यायचे. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरनं लिव्हर म्हणून सांगितलं. नोकरीत असताना गेले, म्हणून अनुकंपेवर मला घेतलं. मी बीए होते, टायपिंग झालं होतं. शिपायाची पोर क्लार्क झाली म्हणून त्या दिवशी भाऊंनी माझा हार घालून सत्कार केला. फोटो आहे.

म्हणजे बाप ज्या दारूनं गेला, तिच्यामुळं मला नोकरी लागली. हे वाक्य मी स्वतःशी चार वर्षं बोलतेय. दुसऱ्या कुणाशी बोलायची हिंमत नव्हती. नोकरी सोडायची तर नव्हतीच. घरात आई, कोरडवाहू तीन एकर, आणि माझा पगार. कुठं जाणार? आमच्या ऑफिसातून बाहेर पडायला एकच दार आहे, आणि त्या दारात भाऊंची गाडी उभी असते.

ऑफिसची रीत सांगते. महिन्याची सभा समोरच्या हॉलमध्ये होते. सभापतीबाई येतात, डोक्यावर पदर, दहा मिनिटं बसतात, चहा घेतात, गाडी त्यांना घरी सोडते. मग खरी सभा मागच्या खोलीत भरते. कोणता रस्ता, कोणती विहीर, कोणाची बदली, ते तिथं ग्लासावर ठरतं. मी दारात उभी राहून कच्चं लिहून घ्यायचं आणि बाहेर येऊन मोठ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचं, की सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. चार वर्षांत मी हे इतक्या वेळा लिहिलं की ती चर्चा खरंच झाली असं मलाच वाटायला लागलं होतं.

आणखी एक रीत. बाई महिन्यातून एकदाच येतात, साहेबही दौऱ्यावर असतात. साहेब म्हणजे आमचे गटविकास अधिकारी, तेच सभेचे सचिव. म्हणून इतिवृत्ताच्या वहीत पुढच्या पाचसहा कोऱ्या पानांच्या तळाशी दोघांच्या सह्या आणि शिक्के आधीच घेऊन ठेवायचे. वर काय लिहिलं जाईल ते कुणी विचारत नाही. लिहिणारी सोपानाची पोर. ती काय लिहिणार?

त्या महिन्यात सातवा विषय माझ्या गावचा होता. गावात शाळेच्या रस्त्याला देशी दारूचं दुकान आहे. ते बंद करा, नाहीतर मतदान घ्या, बाटली आडवी की उभी ते आम्ही बायका ठरवतो, असा अर्ज बायकांनी दिला होता. समितीनं शिफारस करून तो वर जिल्ह्याला पाठवायचा होता. चार पानं सह्या आणि अंगठे. भर उन्हात घरोघर फिरून ते गोळा करणारी बाई माझी आई. पहिला अंगठा तिचाच.

अर्ज घेऊन ती ऑफिसात आली तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसली. मागच्या खोलीच्या दाराकडं एकदाही बघितलं नाही. कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "एवढं काम कर माझं. दुसरं काय मागत न्हाई तुला."

मी आवक क्रमांक टाकला, विषयपत्रिकेत घेतला, फाईल स्वतःच्या हातानं भाऊंसमोर ठेवली.

आता पुन्हा त्या खोलीत चला. मी हाक मारली. हसणं झालं. भाऊंनी मटणाचं ताट शेजारच्याकडं सरकवलं आणि ताटाखालचा कागद दिसला. आईचा अर्ज. टेबलाला डाग पडू नये म्हणून खाली घातला होता. तेलाचा लाल गोल बरोबर पहिल्या पानावर. आईचा अंगठा त्या गोलाच्या आत.

भाऊंनी माझी नजर बघितली. लाजले वगैरे नाहीत. ग्लास हातात तसाच. म्हणाले, "ते दारूबंदीचं व्हय? लिही, सर्वानुमते नामंजूर. गावात शांतता हाय, कुणाची तक्रार न्हाई, आसं लिही."

मी पुढं झाले, कागद उचलला. बाहेर आले. मागून कुणीतरी बर्फ घेऊन ये म्हणून ओरडलं.

माझ्या टेबलावर बसले. चीड आली होती, पण भाऊंची नाही. माझीच. आप्पांनी हाक मारली तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. मला येतं. मग मी कशाला मारली? मोठी वही उघडली. कोरं पान. खाली सभापतींची सही, सचिवांची सही, गोल शिक्का. पानावर छापील नंबर. मी त्या पानाकडं किती वेळ बघत बसले माहीत नाही. मग पेन घेतलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझं काम केलं. लिहिलं ते असं:

"विषय क्रमांक ७. दारूचे दुकान बंद करणेबाबत महिलांचा अर्ज. सदर विषयावर सभागृहात चर्चा झाली नाही. दालनामागील खोलीत सभापती यांचे पती व इतर सहा जण मद्यप्राशन करीत असताना विषय घेण्यात आला. सभापती हजर नव्हत्या. अर्ज मटणाच्या ताटाखाली ठेवला होता. इतिवृत्त लिहिणारीस मेंढरांची हाक मारण्यास सांगण्यात आले. तिने हाक मारली. त्यानंतर अर्ज नामंजूर करण्याचे तोंडी सांगण्यात आले."

सातही जणांची नावं लिहिली. पानाची नक्कल काढली, डागाच्या अर्जाची झेरॉक्स जोडली, जावक क्रमांक टाकला आणि पोस्ट बंद व्हायच्या आत जिल्ह्याला रजिस्टरनं पाठवली. ठराव वर पाठवायचे असतात. मी पाठवला.

आठ दिवसांनी वरून फोन आला. साहेबांनी मला बोलावलं. साहेब पीत नाहीत, ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. पडद्याआड काय चालतं ते त्यांना दिसत नाही, कारण ते त्या बाजूला बघत नाहीत. त्यांनी वही उघडून स्वतःची सही बघितली. म्हणाले, पान फाडून टाक. मी म्हटलं, पानांना नंबर आहेत. मग म्हणाले, पाणी सांडव वहीवर, चुकून सांडलं असं लिहून देऊ. मी म्हटलं, तसं लेखी द्या. त्यांनी वही मिटून माझ्याकडं सरकवली. त्यांनी 'सही माझी नाही' म्हणावं तर कोऱ्या पानावर सह्या करतो हे कबूल करावं लागतं, आणि आहे म्हणावं तर वर लिहिलेलं सगळं खरं होतं.

भाऊ आले ते सरळ माझ्या टेबलाशी. सगळं ऑफिस माना खाली घालून बसलं. "तुझ्या बापाला आमी माणसात आणलं," ते म्हणाले.

"आणलं," मी म्हटलं. "अन् मारलंबी."

मला कारणे दाखवा नोटीस आली. इतिवृत्तात अशोभनीय मजकूर लिहिला म्हणून. प्यायले ते अशोभनीय नाही, मी लिहिलं ते. वही दुसऱ्याकडं द्यायचं ठरलं. शेजारच्या टेबलावरचे बाबू त्याच दिवशी कंबरदुखीनं रजेवर गेले. कपाटाची चावी माझ्याकडंच राहिली.

एका दुपारी सभापतीबाई एकट्या आल्या. रिक्षानं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. वही मागितली. मी कपाटातून काढून दिली. त्यांनी पूर्ण पान वाचलं, बोट लावून, एकेक ओळ. स्वतःच्या सहीवर बोट थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बाई माणूस आहे, समजून घेईल.

"माझ्या घरीबी हेच हाय," त्या हळू म्हणाल्या. "रोज हाय. पण ते पान फाड, बाई. मला त्याच घरात जायचंय."

मी वही परत ओढून घेतली. त्या उठून गेल्या. त्यांचा राग आला नाही. दया आली, आणि दयेनंही पान फाटत नाही हे कळलं.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती भाकरी थापायची थांबली. "नोकरी जाईल का गं?"

"जाईल बहुतेक."

"तुझ्या बापाच्या जिवावर मिळाली हाय ती."

"म्हणूनच," मी म्हटलं.

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुकान अजून चालू आहे. शाळेतून येणारी पोरं त्याच्यासमोरूनच येतात. जिल्ह्याहून चौकशी लागेल म्हणतात, लागली नाही.

सोमवारी पुढची सभा आहे. विषयपत्रिका मीच टाईप केली. प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आजवर ते कुणी वाचलेलं नाही. वाचलं असं समजून पुढं जायचं, अशी रीत आहे. सोमवारी मी समजू देणार नाही. हॉलमध्ये उभी राहून, बाईंसमोर, साहेबांसमोर, सातही जणांसमोर ते पान पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार आहे. "तिने हाक मारली" हे वाक्यसुद्धा. माईक बंद केला तरी चालेल. माळभर जाणारा माझा आवाज त्यांनी ऐकलाय.