मामांच्या डोळ्यातला बहार

डोळ्यात सुई टोचणार हे कळल्यापासून मामा डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मामा म्हणजे माझे सासरे. इंदापूरकडं त्यांची डाळिंबाची बाग आहे, अंगात जुनी साखर आहे आणि स्वभावात तिचा कणही नाही.

मी बारामतीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. घरात त्या ज्ञानाला कुत्रं विचारत नाही. डॉक्टर म्हणाले होते, "साखरेनं बारीक रक्तवाहिन्या बुजल्यात. डोळ्याचा पडदा उपाशी आहे, म्हणून नव्या वाहिन्या फुटतायत. पण त्या कच्च्या आहेत, कधीही गळतील." परतताना गाडीत मी उरलेला धडा घेतला. उपाशी पडदा एक प्रथिन सोडतो. रक्तवाहिनीच्या पेशींवर त्याला धरणारं दुसरं प्रथिन असतं, ते रिसेप्टर. दोघांची गाठ पडली की वाहिनीला फांद्या फुटतात. इंजेक्शनातलं औषध पहिल्याला वाटेतच धरून ठेवतं.

"म्हंजी रिसेप्टर दारात वाट बघत बसतो, आन पाव्हणा यीतच न्हाय," मामा म्हणाले. "बिचारा!"

रिसेप्टरसाठी हळहळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पण धडा त्यांना कळला होता, जरा जास्तच. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी ताण देतात, म्हणजे बागेचं पाणी तोडतात. झाड उपाशी राहतं, पानं टाकतं आणि मग पाणी मिळालं की जीव खाऊन फुलतं. मामांनी हिशेब मांडला की डोळ्यालाही ताण बसलाय, ताण नसला तर बहार नाही, तेव्हा त्याला खायला घातलं की तो शांत होईल. पहिल्या इंजेक्शननं जरा नीट दिसायला लागलंच होतं. पुढची तारीख त्यांनी "बागंत काम हाय" म्हणून बुडवली आणि डोळ्याला खुराक सुरू केला. खजूर, चिकू, आणि स्टँडजवळ उसाचा रस. त्यात लिंबू पिळलं की साखर मरते, असा त्यांचा स्वतंत्र शोध होता. माझ्या सासूबाई, आत्या, खजुराचा डबा पिठाच्या डब्यामागं लपवून ठेवत. मधुमेही माणसाचा असा लाड करणाऱ्या बाईला काय म्हणावं? मी जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एके सकाळी मामा चहावरून खेकसले, "ह्यात केस हाय!" आत्यांनी चहा ओतून दुसरा केला. त्यातही केस. मग दुधात केस, बशीत केस, भिंतीवर केस. मी कप हातात घेऊन पाहिला. चहा स्वच्छ होता. डोळ्यात रक्त उतरलं होतं.

त्यानंतर इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. मामा घरी येऊन सांगत, "लख्ख दिसतंय." आम्हाला ते ऐकायचंच होतं, म्हणून आम्ही ऐकलं. दुसऱ्या डोळ्यातही फुटवे दिसतायत, एकही तारीख चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

थंडीत डाळिंबाला आंबे बहाराचा, म्हणजे उन्हाळी पिकाचा, ताण द्यायची वेळ आली. मी सुट्टीची घरी होते, बागेत गेले तर मामा ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी नुसते उभे.

"यंदा नगं वाटतं," ते म्हणाले. "उपाशी ठिवल्यावर काय हुतं, ते भोगतोय की मी."

"मामा, झाडाला डायबेटिस नाही. फिरवा."

त्यांनी चाचपडत व्हॉल्व्ह फिरवला. मग वाकून, नाक जवळजवळ नळीला लावून, ठिबकच्या तोंडाकडं पाहिलं.

"झालं बघ बंद."

व्हॉल्व्ह अर्धाच फिरला होता. पाणी त्यांच्या डोळ्यासमोर टपाटप पडत होतं.

माझा संतापच झाला, आणि रडूही आलं. मी पुढं होऊन व्हॉल्व्ह घट्ट बंद केला.

"उद्या बारामतीला डॉक्टरकडं जायचं."

"तारीख पुढल्या आठवड्यात हाय."

"उद्याच."

एरवी यावर दोन तास वाद झाला असता. आज मामा माझ्यामागं घराकडं चालू लागले. वाटेतल्या पाण्याच्या चारीपाशी ते थांबले. सुनेच्या पदराचाही वारा लागू न देणाऱ्या त्या माणसानं हवेत हात फिरवत माझा खांदा शोधला आणि धरला.