प्रॉम्प्टरकाका आणि मंत्र्यांचं उत्तर

प्रॉम्प्टरकाकांनी चाळीस वर्षं नाटक मंडळीत, विंगेतल्या स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवली. नटाला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला नाही, असा आवाज फेकायची त्यांची हातोटी. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. वाण्याकडे पुढचं गिऱ्हाईक "अर्धा किलो..." म्हणून थबकलं की मागून काका हळूच "साखर" म्हणायचे. माणूस मुकाट्याने साखर घेऊन जायचा आणि घरी बोलणी खायचा, कारण त्याला हवा असायचा रवा. काकांचं म्हणणं एकच: रंगमंच तीन आकडे मोजण्यापलीकडे गप्प राहता कामा नये. एक, दोन, तीन, की वाक्य द्यायचं.

पुढे काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा, दोन बस बदलून, दुसऱ्या गावी डायलिसिस. परत आल्यावर चौदा पायऱ्यांचा जिना चढायला त्यांना अर्धा तास लागायचा. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, हा प्रवास त्यांना फार दिवस झेपायचा नाही. आणि आमच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं नवंकोरं यंत्र तीन वर्षं खोक्यात पडून! त्या खोक्यावर शिपाई डबा उघडून जेवायचा.

मग आम्ही समिती काढली. माणसं एकोणीस, मतं बावीस. झेरॉक्सचं दुकान माझं, म्हणून चिटणीसही मीच. आमदारांना निवेदनं दिली. प्रत्येक निवेदन ते हसतमुखाने घ्यायचे आणि फोटो काढायचे. अकरा फोटो झाल्यावर आम्ही त्यांच्या कार्यालयातच ठाण मांडलं. सभागृहात प्रश्न विचारा, नाहीतर उठत नाही! चार वर्षांत या गृहस्थांनी सभागृहात एकदाच तोंड उघडलं होतं, तेही जांभई द्यायला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा बांध फुटला. "अहो, उभं राहिलं की मला काही सुचतच नाही!" म्हणून ते चक्क रडले. आम्ही जाब विचारायला गेलेलो, आणि आमचाच खजिनदार त्यांना पाणी पाजत होता. माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण काका पुढे सरकले.

"साहेब, मी गॅलरीत बसतो. तुम्ही फक्त उभे राहा."

प्रश्नाच्या दिवशी मी प्रेक्षक गॅलरीत काकांच्या शेजारीच होते. आमदार उठले, "अध्यक्ष महोदय..." म्हणाले आणि अडकले. काकांनी तोंडापुढे रुमाल धरला. आमदारांनी आमचा चार ओळींचा प्रश्न असा खणखणीत विचारला, की त्यांच्याच पक्षाचे दोन जण दचकून जागे झाले.

उत्तराला मंत्री उठले. त्यांच्या फायलीत नेमका तोच कागद नव्हता. "ही बाब... ही बाब..."

एक, दोन, तीन. मी काकांचा हात धरेपर्यंत वाक्य सुटलं होतं.

"येत्या एक तारखेला यंत्र सुरू होईल," मंत्री म्हणाले, "नाही झालं तर मी राजीनामा देईन!" वर टेबलावर मूठही आपटली. बाकं वाजली. शब्द न् शब्द कामकाजात नोंदला गेला.

समिती नाचत घरी आली. काका मात्र सुतकी चेहऱ्याने. "चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या तोंडी चुकीचं वाक्य घातलं नाही हो मी!" त्यांनी मंत्र्यांना माफीचं पत्र लिहिलं आणि प्रत काढायला माझ्याकडेच आणलं. मी ते थेट काकूंच्या हातात दिलं.

"हे पाठवलंत तर मी उद्यापासून बसमध्ये पाय ठेवणार नाही," काकू म्हणाल्या. "मग बसा एकटे, वाण्याकडे वाक्यं सांगत." काकांनी पत्र फाडलं.

एक तारखेला यंत्र खरंच सुरू झालं. पहिल्या खाटेवर काकू, शेजारी काका. दाराशी माईक धरून मंत्री आपल्या धडाडीचं कौतुक सांगत होते. मला राहवेना. मी विचारलं, "साहेब, तीन वर्षं हे खोक्यात का होतं?"

"त्याचं कारण... कारण असं, की..."

आमदारांनी काकांची करामत त्यांच्या कानावर घातली असणार. कारण मंत्र्यांची नजर सरळ आत, काकांवर गेली. काकांचे ओठ हलले. मी पाहिलं. एकच काय, दहा उत्तरं त्यांच्या जिभेवर आली असतील. तीन आकडे झाले. वीस झाले. काका गप्प.

"अहो, अडकलाय तो," काकूंनी हळूच सांगितलं.

"अडकू दे," काका म्हणाले. "तीन वर्षं तुझे हाल झाले. याचं उत्तर त्याचं त्यालाच देऊ दे."

मंत्री घाम पुसत उभे होते. आम्ही भिंतीकडच्या खुर्च्या ओढल्या, त्यांच्यासमोर मांडल्या आणि बसलो.