काकांच्या पाऊचमधला पासपोर्ट

“हे कोण बुवा?”

काकांनी पासपोर्ट उघडून डोक्याच्या वर धरला आणि आतलं नाव खड्या आवाजात वाचलं. मुलाचं नाव. माझ्या बारशाला ठेवलेलं. ते मी इथे लिहिणार नाही.

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलवर आमच्या कॉन्डोतली, म्हणजे खासगी सोसायटीतली, मराठी कुटुंबं रांगेत उभी होती. सार्सच्या साथीनंतरची पहिली दिवाळी. सगळे मिळून समोरच्या इंडोनेशियातल्या बाताम बेटावर निघालेले. आमच्या लोकांची एक पद्धत आहे. सहलीला निघालं की सगळ्यांचे पासपोर्ट एका वडीलधाऱ्याकडे जमा करायचे. तो ते काउंटरवर दाखवतो आणि परत वाटताना शाळेत हजेरी घ्यावी तशी नावं पुकारतो. आमच्यात हे काम शेजारच्या काकांचं. बाबांनी सवयीने घरातले पासपोर्ट त्यांच्या पाऊचमध्ये टाकले होते. बाबा म्हणजे बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस. आपलं खोटं तेवढं विसरला.

खोटं असं. तोआ पायोहचा जुना फ्लॅट सोडून आम्ही सेरंगूनच्या कॉन्डोत आलो, तेव्हा मी सक्तीच्या लष्करी सेवेत होते. एका ऑफिसात फायली लावत. सेवा संपल्यावर घरी आले ती सलवार-कमीज घालून. नव्या शेजाऱ्यांना आईने सांगून टाकलं, “ही माझी भाची. पुण्याहून आलीय.” मी चालवून घेतलं. भाची तर भाची, निदान ‘ही’ तरी म्हणत होते.

काकांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोटोत बारीक कापलेले केस. समोर बॉबकट आणि कानात डूल.

“इथे तर एम लिहिलंय! कुलकर्णीसाहेब, तुमच्या भाचीला मिशा फुटल्या की काय?”

रांग हसली. काकूंनी आपल्या मुलीला दंडाला धरून माझ्याजवळून ओढलं. बातामला आम्ही दोघी एका खोलीत राहणार होतो.

“व्हाय, मम्मी? शी इज नाइस, लाह,” ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“गप्प बस. इकडे ये.”

मी बाबांकडे पाहिलं. अजून आशा होती.

बाबा हसले. “अहो, मुलगाच आहे तो. नाटकात स्त्रीपार्ट करतो, म्हणून केस वाढवलेत. म्हटलं, तुमची जरा गंमत करावी.”

काकांचा मला राग आला होता. बाबांच्या त्या हसण्याने मात्र मी आतून मेले.

“असं होय! मग होऊन जाऊ दे एखादं नाट्यपद,” काका म्हणाले. “लाजू नकोस बाळा. म्हण.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबा डोळ्यांनी विनवत होते. म्हण. मला गाता येतं. एक पद म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांची अब्रू राहिली असती, फेरीत भजी-लाडू झाले असते. आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला मला त्यांच्यापुढे गावं लागलं असतं.

“मी नाटकात काम करत नाही,” मी म्हणाले. “मी यांची मुलगी आहे.”

काकांच्या हातातून मी माझा पासपोर्ट काढून घेतला. कुणी हसलं नाही.  फेरीची घोषणा झाली. बाबांनी बॅगा उचलल्या. मला वाटलं, आई थांबेल. तिने मागे वळून पाहिलं. मग तीही गेली.

मी बाहेर बाकावर बसून हुंदके देऊन रडले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

बातामहून परत आल्यावर बाबांनी विषय काढला तो लंडनचा. त्यांची तिकडे बदली असताना माझा जन्म झाला, म्हणून मी ब्रिटनचीही नागरिक होते. इथे एकवीस पूर्ण झाल्यावर दोन्हींतलं एकच ठेवता येतं. ब्रिटिश पासपोर्टात मी डॉक्टरांचं पत्र पाठवून नाव बदलून घेतलं होतं. माझं नाव, आणि पुढे स्त्री. तो पोस्टाने आला त्या दिवशी मी त्या नावावरून बोट फिरवत बसले होते. सिंगापूरच्या पासपोर्टात मी मुलगाच होते. एकवीसच्या आत इथे नाव बदलायला आईवडिलांची संमती लागायची. बाबा देत नव्हते.

“तू लंडनलाच जा,” ते म्हणाले. “तिकडे चालतं असलं सगळं. आम्हाला इथे चार लोकांत राहायचंय.”

“तुझ्या भल्याचंच सांगतायत ते,” आई म्हणाली.

किती सोयीचं! मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. तिथे मी पहिल्या दिवसापासून मी असते. पण लंडनमध्ये माझं होतं कोण? तान्ही असताना सुटलेलं गाव. मी वाढले तोआ पायोहला, सरकारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खेळत. गणवेश घातला तो या देशाचा. आणि माझा पासपोर्ट रांगेत वर धरून वाचणारा इथेच राहणार, देश मात्र मी सोडायचा? का म्हणून?

एकवीस झाल्यावर मी ब्रिटिश नागरिकत्व सोडलं. माझं नाव असलेला एकुलता एक पासपोर्ट ब्रिटिश हाय कमिशनच्या काउंटरवरून आत सरकवला.  पलीकडच्या बाईने विचारलं, “शुअर?”

“शुअर.”

मग वकिलाकडे गेले आणि इथलं नाव बदललं. आता कुणाच्या संमतीची गरज नव्हती. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आई फोन करते, तो बाबा घरी नसताना.

सिंगापूरच्या पासपोर्टात आज माझं नाव आहे. पुढे एम तसाच आहे. ऑपरेशनशिवाय इथे तो बदलत नाही. ऑपरेशन मी करून घेणार आहे. बाबांना पटावं म्हणून नाही, काकांना दाखवावं म्हणूनही नाही.

नोकरी मी हार्बरफ्रंटलाच धरलीय, एका शिपिंग ऑफिसात. माझ्या टेबलावरून बातामची फेरी सुटताना दिसते. ती मंडळी अजून जातात. मीही जाणार आहे, त्याच रांगेतून. माझा पासपोर्ट मीच दाखवणार. तो आता कुणाच्या पाऊचमध्ये जाणार नाही. बाबांनी हात पुढे केला, तरी नाही.