अण्णांचं शटर आणि पिलारची बशी

गुरप्पाअण्णांच्या दुकानाचं शटर साडेआठला पडायचं, आणि ते पडलं की सोलापुरात रात्र झाली असं समजलं जायचं. त्याआधी पडलेला अंधार तात्पुरता. त्या शटरचा आवाज असा, की सिद्धेश्वराच्या तळ्यातले मासे दचकून तळाशी जायचे आणि तुळजापूरच्या रस्त्याला लागलेले ट्रकवाले एकमेकांना म्हणायचे, "चला, अण्णा झोपले." मी थोडं वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. पण माझं भांड्यांचं दुकान अण्णांच्या चादरी-टॉवेलांच्या दुकानाला भिंत लावून आहे. त्यांचं शटर पडलं की माझ्याकडच्या पराती बराच वेळ ताल धरायच्या, याला गिऱ्हाइकं साक्षीला आहेत.

अण्णा मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. कपाळावर विभूतीचे पट्टे असे सरळ, की गवंड्यानं ओळंबा लावून बघावेत. भेटेल त्याला पहिला प्रश्न, "ऊटा आतेन्री?" म्हणजे, जेवण झालं का? विमा एजंटला विचारायचे, ट्रॅफिक पोलिसाला विचारायचे, एकदा तर दुकानात घुसलेल्या वळूला त्यांनी हाच प्रश्न केला आणि तो ओशाळून निघून गेला. दुसरं लाडकं वाक्य, "दिवस मावळला की माणूस आपल्या उंबऱ्यात दिसावा." रात्रीचा सिनेमा, ऑर्केस्ट्रा, पार्क चौकातली भेळ, सगळ्यांवर त्यांचा एकच निकाल होता. "रात्री भाईर काय हाय? कुत्री आणि पुढारी."

अशा माणसाची एकुलती एक लेक नंदा शिकायला गेली ती नेमकी अशा गावात, जिथं संध्याकाळच मुळी रात्री दहाला सुरू होते.

गावाचं नाव ग्रॅनाडा. स्पेनमधलं विद्यापीठाचं गाव. तिथं ऑलिव्हच्या झाडांना कसलासा रोग पडलाय आणि तो बघायला सोलापूरची पोरगी लागते, याचा अण्णांना अभिमान होता. नंदा लहान असतानाच तिची आई गेली. तिला अण्णांनी एकट्यानं वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घातल्या. त्या इतक्या घट्ट, की शाळेत तिच्या भुवया कायम आश्चर्यानं वर चढलेल्या असायच्या.

एकदा पहाटे अडीचला जाग आली म्हणून केलेल्या व्हिडिओ कॉलवर अण्णांनी विचारलं, "नंदा, मागं कसला गोंधळ चाललाय?"

"काही नाही अप्पा, संध्याकाळ आहे. लोक बाहेर पडलेत."

"तितं वाजले किती?"

"अकरा."

अण्णांनी फोन ठेवला आणि अंथरुणावर पुन्हा आडवे झाले. पुढं आमच्या गल्लीतल्या एका हितचिंतकानं त्यांना तिथल्या रस्त्यांचे व्हिडिओ दाखवले. हितचिंतक असा प्रसंग सोडत नसतात. मध्यरात्र, जत्रेसारखी गर्दी, प्रत्येकाच्या हातात ग्लास. त्याच सुमारास अक्कलकोटच्या तेलघाणीवाल्यांकडून नंदासाठी स्थळ आलं होतं, आणि त्याच सुमारास तिथलं विद्यापीठ नंदाला आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला निघालं होतं. अण्णांनी तेलघाणीवाल्यांना शब्द दिला, "बघून येतो आणि संगट घिऊनच येतो." सोबतीला मला घेतलं. माझी लायकी एवढीच, की दुबईच्या सहलीमुळं माझ्याकडं पासपोर्ट होता.

ग्रॅनाडात उतरलो तेव्हा ऊन अगदी ओळखीचं निघालं. सोलापूरचंच, फक्त टोपी घातलेलं. नंदा आम्हाला खोलीवर सोडून प्रयोगशाळेत गेली. सहा वाजता अण्णांना भूक लागली. आम्ही गावभर फिरलो. हॉटेलं उघडी, पण चुली थंड. स्वयंपाक नवाच्या पुढं, असं सगळे घड्याळावर बोट ठेवून सांगत होते. अण्णा हळूच म्हणाले, "दत्तोबा, गावाला सुतक हाय का रे?"

शेवटी नंदाच्या खोलीच्या बरोबर खाली एक बार होता, तिथं टेकलो. मालकीण पिलार नावाची, साठीची, तब्येतीनं आमच्या पितळी घंगाळासारखी भरदार. आम्ही खुणेनं लिंबूपाणी मागितलं. तिनं त्याबरोबर न मागितलेली एक बशी पुढं ठेवली. बशीत मांस. अण्णांनी डोळे मिटले. मी डुकराचा अभिनय करून 'नको' अशी खूण केली. अभिनय इतका अस्सल झाला की कोपऱ्यातला एक कुत्रा माझ्यावर भुंकला. पिलार हसत आत गेली आणि दुसरी बशी घेऊन आली. पालकात शिजवलेले हरभरे! अण्णांनी घास घेतला आणि म्हणाले, "ही बाई आपल्याकडचीच हाय."

निघताना तिनं लिंबूपाण्याचेच पैसे घेतले. बशीचे घ्यायला तयार नाही. पेयाबरोबर काहीतरी खायला फुकट द्यायचं ही त्या गावातल्या बारांची रीतच आहे, हे नंदानं आम्हाला नंतर सांगितलं. त्या घडीला अण्णांनी वेगळाच अर्थ लावला. वर आपली पोरगी राहते, खाली ही बाई. आपण नवे आलो म्हणून शेजारणीनं कालवण दिलं! मग त्यांनी सोलापुरात कुणीही करतं तेच केलं. उरलेल्या हरभऱ्यांसकट बशी उचलली आणि घरी घेऊन आले. भर बारमधून. सगळ्यांदेखत. दोन पोरं आमच्या मागं धावत आली, पण पिलारनं त्यांना हाक मारून थांबवलं. तिला वाटलं असणार, म्हातारा फार भुकेला आहे.

दुसऱ्या संध्याकाळी बशी धुऊन, पुसून, शेंगाचटणीनं शिगोशीग भरून, वर कडक भाकरीचा तुकडा ठेवून अण्णा खाली उतरले. नंदा मागून सांगतेय, "अप्पा, अहो ती रीत आहे हितली, सगळ्यांनाच देतात."

"त्यांची रीत त्यांनी केली. आपली आपण करायला नको?"

"पण बशी तिथंच ठेवायची असते. ती न्यायचीच नसते."

"नेली न्हवं? मग आता रिकामी कशी देऊ? लोक काय म्हनतील, गुरप्पाच्या घरात चटणी न्हाय?"

पिलारनं चटणी चाखली. आधी लाल झाली, मग घामाघूम, मग तिनं अख्ख्या बारला एकेक चिमूट वाटली. त्या दिवशी त्या गल्लीत लिंबूपाण्याचा विक्रमी खप झाला. आणि तिनं बशी परत भरून दिली. मी भांडेवाला, माझं लक्ष बशीकडं. जाड, पांढरी, मधोमध निळं डाळिंब रंगवलेलं. ग्रॅनाडा म्हणजे डाळिंबच, असं नंदा म्हणाली. अण्णा बशी न्याहाळत राहिले. "सांगोल्याचं पीक हितवर आलंय बघ."

पुढं रोज बशी वर, बशी खाली. पण अण्णांचा तपास थांबला नव्हता. ते रोज रात्रीचं गाव बघायला निघत, गुन्हा शोधायला निघाल्यासारखे. एकदा विद्यापीठाची पोरं काळे झगे घालून, रंगीत फिती लावून, तंतुवाद्यं वाजवत खिडकीखाली उभी राहिली. पोरींच्या खिडकीखाली गाणी म्हणायची ही तिथली फार जुनी परंपरा. अण्णा गॅलरीत आले, कमरेवर हात ठेवले आणि ओरडले, "ऊटा आतेन्री?" पोरांना वाटलं दाद मिळाली. त्यांनी आणखी जोरात सुरू केलं. अण्णांनी कडक भाकऱ्यांचं पुडकंच खाली सोडलं. डोक्यात बसलं असतं तर भारत-स्पेन संबंध संपले असते. एकानं झग्यात झेललं म्हणून निभावलं.

एकदा नंदानं टेकडीवरच्या गुहेत फ्लेमेन्को, म्हणजे तिथलं नाचगाणं, बघायला नेलं. गाणारी बाई डोळे मिटून असा टाहो फोडायची की छताची माती पडावी. अण्णा अस्वस्थ. "हिचं कोण गेलं गं?"

"कुणी नाही अप्पा. गाणं आहे."

"गाणं असं असतंय व्हय? बाई जीव तोडून रडतीय की!"

कार्यक्रम संपताच ते उठले, पिशवीतून आपल्या दुकानचा टॉवेल काढला आणि तिच्या खांद्यावर घालून हात जोडले. आपल्याकडं सत्कार होतो तसा. बाईनं त्यानं घाम पुसला आणि टॉवेल डोक्यावर फडकवत आणखी एक नाच केला. पुढं आठवडाभर ती तोच टॉवेल घेऊन नाचली, असं पिलार म्हणाली. निदान तिच्या हातवाऱ्यांचा मी तसा अर्थ लावला.

चौकात मात्र अण्णांचा तपास अडखळे. तिथं रात्री पोरं गिटार घेऊन बसलेली, बाबागाड्यांत तान्ही मुलं जागी, आणि बाकांवर अण्णांच्या वयाचे म्हातारे-म्हाताऱ्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, आइस्क्रीम चाटत. अण्णा एकदा म्हणाले, "ह्यांना घरात कोन न्हाय काय?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "आपल्यातरी कोन हाय म्हना." तरी विमानाची तिकिटं तीनच काढायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. नंदानं हट्ट केला नाही. ती नुसती बारीक झाली.

परतायच्या आदल्या आठवड्यात एका रात्री नंदा मैत्रिणींबरोबर बाहेर होती. उकाड्यानं आम्ही गॅलरीत. एक वाजून गेला. खाली पिलारनं खुर्च्या आत घेतल्या, दिवे मालवले, शटर ओढलं, आणि ते निम्म्यावर थांबलं. अण्णांचे कान टवकारले. "अडकलं. तेल घालत न्हाईत लोक." चादरवाल्याचं काळीज दुसऱ्याच्या शटरसाठीसुद्धा तुटतं. ते तडक खाली उतरले, मी मागोमाग.

वाकून बघितलं तर अर्ध्या शटरखाली पिलार खुर्ची टाकून बसलेली. चपला काढलेल्या, हातात पंखा. अण्णांनी शटरकडं बोट दाखवून विचारलं, अडकलं का? तिनं नकारार्थी मान हलवली. मग वर नंदाच्या अंधाऱ्या खिडकीकडं बोट दाखवलं, मग आपल्या डोळ्याकडं, मग रस्त्याकडं. तेवढ्यात कोपऱ्यावरून नंदा हसत हसत आली. पिलार उठली आणि तिला काहीतरी विचारलं. नंदानं मान डोलावली.

अण्णांनी विचारलं, "काय म्हनली ती?"

"काही नाही, रोजचंच. जेवलीस का म्हणते."

"रोज बसती?"

"हो. मी येईपर्यंत शटर पाडत नाही. किती सांगितलं, ऐकत नाही."

खड्‌कन शटर पडलं. अण्णांनी ते हलवून नीट बसलंय का बघितलं. जिना चढताना एवढंच म्हणाले, "दत्तोबा, हिचं शटर उशिरा पडतंय. बाकी काय फरक न्हाय."

तिकिटं दोनच काढली. पण 'राहा' असा शब्द तोंडातून काढतील तर ते गुरप्पाअण्णा कसले! निघायच्या दिवशी पिलारनं बशीभर ऑलिव्ह प्रवासाला म्हणून दिले. बसथांब्यावर अण्णांनी ती बशी नंदाच्या हातात ठेवली.

"खा, धू, आणि परत कर. रिकामी न्हाय."

"आणि तिनं पुन्हा भरून दिली तर?"

"तर तू पुन्हा भर की."

"मग हे संपायचं कधी, अप्पा?"

"मला काय विचारती? बायकांच्या देवघेवीत मी पडत नसतो." नंदा रडायला लागली तशी ते बसच्या पाटीवरचं स्पॅनिश मोठ्या लक्षपूर्वक वाचू लागले. मी विचारलं, "अन् तेलघाणीवाल्यांना काय सांगायचं?" म्हणाले, "सांग, पोरगी शेजारधर्मात अडकलीय."

सोलापुरात आल्यावर अण्णा बिघडले. गल्लीचं तसंच मत आहे. साडेआठला शटर निम्म्यावर यायचं आणि तिथंच थांबायचं. बाहेर चार खुर्च्या पडायच्या, येईल त्या म्हाताऱ्याला सोडा, आणि सोड्याबरोबर न मागता बशीभर शेंगा. दहा वाजता, तिथं सहा-साडेसहाला, प्रयोगशाळेतून सुटलेल्या नंदाचा फोन यायचा, "घरी पोचले अप्पा," आणि मग शटर पडायचं. नंदाला उशीर झाला की सोलापूरची रात्र तेवढी पुढं ढकलली जायची.

पंधरा दिवसांपूर्वी अण्णा गेले. खुर्चीतच, निम्म्या शटरखाली. नंदा आली ती टॉवेलात गुंडाळलेली ती निळ्या डाळिंबाची बशी घेऊन. पिलारनं बदामाच्या वड्या भरून दिल्या होत्या. त्या आम्ही गल्लीत वाटल्या.

काल नंदा शाळेतल्या मैत्रिणींना भेटायला गेली होती. उद्या तिचं विमान. आमच्या मंडळींनी सकाळपासून उखळात चटणी कुटून बशी अशी भरली होती, की वर कळस तेवढा बसवायचा राहिला होता. मी दुकानातच बसून होतो. साडेदहाला नंदा आली आणि वाकून आत बघत म्हणाली, "काका, अजून उघडं? शटर अडकलं का?"

"व्हय," मी म्हणालो. "तेल घालायला झालंय. ऊटा आतेन्री?"

तिनं मान डोलावली, बशी उचलली आणि दोन्ही हातांनी धरून शेजारच्या जिन्यानं वर अण्णांच्या घरी गेली. वरचा दिवा लागला. मग मी शटर ओढलं. माझं शटर अण्णांच्या शटरसारखं वाजत नाही. तळ्यातल्या माशांना पत्तासुद्धा लागला नसेल.