माझ्या आधीचा माणूस

बोरगाव मेघेतल्या समुपदेशक मॅडमकडे दर बुधवारी माझ्या आधी पुलगावचा एक माणूस असायचा. त्याची वेळ संपली तरी दार उघडायचं नाही. आतून मॅडमचं हसू ऐकू यायचं. माझ्याशी बोलताना त्या कधी हसल्या नव्हत्या, आणि माझा तास अगदी काट्यावर संपायचा. मग तो चष्मा पुसत बाहेर यायचा आणि दारात चपला घालायलाही भरपूर वेळ लावायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा चपला घालता घालता तोच म्हणाला, "चार महिने मी मॅडमले खोटंच सांगून राह्यलो होतो. त्याईले समजत होतं, पण कधी टोकलं नाई. मंग मलेच लाज वाटली."

मी तर पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होतो, घरून पाठ करून आणल्यासारखं.

त्या दिवशी आत जाऊन म्हणालो, "मॅडम, मला त्या माणसाचा हेवा वाटतो."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि हसल्या.

बाहेर आलो तेव्हा बाकावरची बाई आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे रागानं पाहत होती. मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला.