टोमाहच्या फाट्यावर रेडिओ बंद नव्हता

“त्याच्या त्या काडेपेटीएवढ्या रेडिओने ऐन वेळी मान टाकली, आणि माझ्या नातीचे पहिले गाणे माझे चुकले.”

हे वाक्य आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत छापून आले आहे. लिहिणारा माझा चाळीस वर्षांचा मित्र आहे, आणि वाक्यातला ‘तो’ म्हणजे मी. त्याने माझे नाव घातलेले नाही. पण अमेरिकेतल्या आमच्या या शॉमबर्ग गावातल्या मराठी माणसांत लोकांच्या गाड्यांना सीबी रेडिओ, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा रेडिओ, बसवून देणारा म्हातारा एकच आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. गाणे चुकले. त्याचे मला त्याच्याइतकेच वाईट वाटते. पूर्वार्ध मात्र खोटा आहे, आणि माझे भांडण त्या पूर्वार्धाशी आहे.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. त्याची नात नऊ वर्षांची. मुलगा आणि सून मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला राहतात. तिथल्या गाण्याच्या बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठेवला होता, दुपारी दोन वाजता, आणि त्यात ही मुलगी प्रथमच लोकांसमोर गाणार होती. आजोबांनी दोन वर्षे फोनवरून तिच्याकडून पलटे घोटून घेतले होते. आम्ही तीन गाड्या निघालो: पुढे मी आणि माझी पत्नी, मध्ये मंडळातले एक तरुण जोडपे, मूळचे नागपूरचे, कामाच्या व्हिसावर आलेले, मागे मित्र आणि वहिनी. मित्र शेवटी, कारण तो ताशी पंचावन्न मैलांच्या वर गाडी नेत नाही. साडेसहा तासांचा रस्ता.

“फोन असताना रेडिओ कशाला?” असे मंडळाच्या चिटणीसांनी तेव्हाही विचारले होते आणि अजून विचारतात. याचे उत्तर मी अनेकदा दिले आहे, पुन्हा देतो. तीन गाड्यांत फोनवर बोलायचे म्हणजे कोणी तरी कोणाला तरी लावायचा, तिसऱ्याला जोडून घ्यायचे, आणि विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत सिग्नल गेला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. सीबीला यातले काही लागत नाही. परवाना लागत नाही, नंबर लागत नाही. बटण दाबून एकाने बोलावे, त्या चॅनेलवरच्या सगळ्या गाड्यांनी ऐकावे. ट्रकवाले आजही यावर बोलतात, ते काही हौस म्हणून नव्हे. मी आयुष्यभर रेडिओच्या विद्येवर पगार घेतला आहे. जे काम त्याला जमते ते त्यालाच सांगावे, एवढेच माझे म्हणणे होते.

आता ‘काडेपेटीएवढ्या’ या शब्दाविषयी. हल्लीच्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर पडदे पसरलेले असतात. तिथे जुना, विटेएवढा रेडिओ ठेवायला जागा नसते. म्हणून मी लहान निवडला, ज्याची सगळी बटणे हातातल्या माइकवरच आहेत आणि पेटी आसनाखाली जाते. तो पाहून मित्र म्हणाला होता, “एवढासा? हा बोलतो तरी का रे?”

“तुझ्यापेक्षा कमी बोलतो,” मी म्हणालो. “म्हणून तर घेतला.”

लहान रेडिओची ताकदही लहान, ही समजूत मी कित्येक सुशिक्षित माणसांत पाहिली आहे. कायद्याने या रेडिओंना चार वॅट दिलेले आहेत. विटेएवढ्यालाही चार आणि काडेपेटीएवढ्यालाही चार. आवाज लांब जातो की नाही हे ठरते अँटेनावर, आणि अँटेना कुठे व कशी बसवली यावर. इथे मित्राने मला जो त्रास दिला, तो स्मरणिकेत आलेला नाही.

त्याच्या नव्या गाडीचे छत काचेचे. लोहचुंबकाची अँटेना काचेला कशी चिकटणार? म्हणून ती डिकीच्या झाकणावर बसवायची ठरली. मी वायर आत घेतली, मीटर लावला, आणि काटा भलतीकडेच गेला. तासभर मी वायर तपासत होतो, सांधे तपासत होतो, गुडघे धरले. शेवटी अँटेना उचलली, तर खाली चार पदरी घडी घातलेले फडके.

“हे काय?”

“ओरखडा नको ना पडायला. नवी गाडी आहे.”

“अरे, लोखंडाला लोखंड लागायला हवं! तू अँटेनाला गादी घातलीस!”

“मग पातळ घालू का? दोन पदरी?”

फडके मी कचऱ्यात टाकले. काटा जागेवर आला. मग तो आपल्या गाडीत आणि मी माझ्या गाडीत बसून दोन मैलांवरून बोललो, आणि त्याचा खोकला मला स्पष्ट ऐकू आला. म्हणजे निघताना रेडिओ उत्तम होता. ही गोष्ट तो नाकारत नाही. फक्त सांगत नाही.

बसवण्यापेक्षा शिकवणे अवघड गेले. या रेडिओत एक गोष्ट कळली की सगळे कळले: बटण दाबलेले असेपर्यंत तुमचा रेडिओ बोलतो, ऐकत नाही. आणि दोघांनी एकदम दाबले की तिसऱ्याला नुसती शिटी ऐकू येते. पण आपल्या माणसांची एक सवय आहे. समोरचा बोलत असताना आपण ‘हं’ म्हणतो. न म्हटले तर बोलणारा थांबून विचारतो, ऐकताय ना? मी स्वतः तसाच वाढलो आहे. अमेरिकन शेजारी माझे बोलणे मुकाट ऐकून घेतो तेव्हा पन्नास वर्षांनंतरही मला वाटते, याला राग आला असावा. माझा मित्र या बाबतीत फार सभ्य आहे. तो प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणतो, आणि रेडिओवर तो प्रत्येक ‘हं’ बटण दाबून म्हणत असे. मी पुढच्या वाक्याला लागलेलो असे, आणि ते वाक्य त्याच्यापुरते नाहीसे होई.

“हं म्हणू नकोस,” मी त्याला बजावले.

“हं,” तो म्हणाला.

“भाऊजी, गेली बेचाळीस वर्षं मी बोलते आणि हे हं म्हणतात,” वहिनी म्हणाल्या. “ऐकलं किती, ते मला विचारा.”

सगळे हसले. मीही हसलो, ही माझी चूक. ‘हं’ पूर्ण सुटेपर्यंत त्याला बसवून ठेवायला हवे होते. मी अर्ध्या तासात कंटाळलो. एवढा दोष मी घेतो. याहून अधिक नाही.

प्रवासाचा पहिला भाग सुरेख झाला. मॅडिसनच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने मध्येच विचारले, ही कुठली भाषा? मित्राने माइक धरून त्याला महाराष्ट्र कुठे आहे इथपासून सांगायला घेतले, आणि पुढचे चार मैल आम्हा कोणाला बोलता आले नाही. ट्रकवाल्याने शेवटी आभार मानले व तो बहुधा दुसऱ्या चॅनेलवर गेला. मग एके ठिकाणी थांबून आम्ही वहिनींनी आणलेले ठेपले खाल्ले. तिथे मित्राने आपल्या फोनवरचा नकाशा बंद केला. “तू पुढे आहेस ना, मग ती बाई कशाला हवी बडबडायला?” असे तोच म्हणाला. मी बंद करायला लावला, हे चिटणीसांचे म्हणणे निराधार आहे. वहिनींनी आपला फोन पूर्ण बंद करून पर्समध्ये ठेवला, कारण नातीचे सगळे गाणे त्यांना चित्रित करायचे होते आणि बॅटरी तोवर पुरायला हवी होती.

टोमाह नावाच्या गावाजवळ नव्वद आणि चौऱ्याण्णव हे दोन महामार्ग, जे तोवर एकत्र चालतात, वेगळे होतात. चौऱ्याण्णव मिनियापोलिसकडे जातो. नव्वद जातो ‘ला क्रॉस’ या गावाकडे, नदीच्या दिशेने. हा फाटा मला माहीत होता. तो यायच्या तीन-चार मैल आधीच मी रेडिओवर सविस्तर सांगितले. मित्र तेव्हा आमच्या मागे मैलभर असेल, मध्ये ट्रक. मी चौऱ्याण्णववर वळलो, तरुण जोडपे माझ्या मागे वळले, आणि मित्र नव्वदवर सरळ गेला.

आम्हाला हे बरेच पुढे गेल्यावर कळले. मी रेडिओवर हाका मारल्या. तोवर रस्ते इतके दूर गेले होते की चार वॅटचे काम उरले नव्हते. माझी पत्नी वहिनींना फोन लावत राहिली. तो पर्समध्ये बंद. मित्राचा टेकड्यांत लागेना; लागला तेव्हा तो ला क्रॉसला पोचला होता. “अरे, केवढी नदी लागली! ही वाटेत होती का?” त्याने विचारले. नदी ओलांडून पुढूनही ईडन प्रेरीला वेळेत पोचता आले असते, मी त्याला तसे सांगितलेही. पण तो बिथरला होता, आल्या वाटेने टोमाहला परत फिरला. तो सभागृहात शिरला तेव्हा खुर्च्या उचलत होते. नात लाल परकर-पोलक्यात दारापाशी उभी होती. ती म्हणाली, “इट्स ओके, आजोबा, बाबांनी व्हिडिओ काढला.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “खाणं झाल्यापासून तुझा तो रेडिओचा डबा बंद होता. मला काही ऐकू आलं नाही.”

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. थंडीच्या दिवसांत आम्ही दोघे सकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारायचो, पंधरा वर्षे. तो अजून येतो. मीही जातो. तो आता उलट्या दिशेने चालतो, त्यामुळे एका फेरीत आमची दोनदा गाठ पडते आणि दोन्ही वेळा तो दुकानांच्या काचांकडे पाहतो.

लोकांनी आपापले तर्क लढवले. कोणी म्हणाले, त्याचे कान गेले आहेत. हेही चूक, बंदिशीतली अर्ध्या श्रुतीची चूक तो आजही पकडतो. कोणी म्हणाले, मोठा रेडिओ घेतला असता तर पोचला असता; याचे उत्तर वर दिले आहे. रेडिओ चालू होता, ही माझी आठवण मी सांगितली, तर चिटणीस म्हणाले, “काका, तुम्ही तुमचीच बाजू सांगणार ना, यार.” सत्तरी उलटलेल्या माणसाला यार!

पुढे महिन्याभराने ते नागपूरकर तरुण जोडपे घरी आले. त्यांच्या गाडीत पुढच्या काचेला कॅमेरा आहे. तो रस्त्याबरोबर गाडीतला आवाजही टिपतो. प्रवासाची चित्रफीत त्यांनी पुसलेली नव्हती. आम्ही टोमाहचा भाग लावला, दोनदा ऐकला, आणि मी मित्राकडे निघालो होतो. वहिनींनी मला फोनवरच अडवले. “भाऊजी, तुमचं खरंच असणार. पण त्यांना नका ऐकवू. रेडिओ बिघडला म्हणतात म्हणून त्यांना झोप तरी लागते. नाही तर ते स्वतःला काय म्हणतील?”

मी गेलो नाही. हिवाळाभर गप्प बसलो; तो काचांकडे पाहत गेला आणि मी पाहू दिले. माझ्या कामाला लोकांनी खेळणे म्हटले, ते ऐकून घेतले. घरात बोललेले वाक्य घरात विरते. पण ते छापले गेले, आणि मंडळाने वसंतातल्या सहलीच्या सूचनांत ‘रेडिओवर विसंबू नये’ असा मुद्दाही घातला. छापील आरोपाला छापील उत्तर देण्याचा माझा हक्क मी वहिनींच्या शब्दाखातरही सोडू शकत नाही. त्यांची मी इथे क्षमा मागतो.

चित्रफितीत फाट्याच्या अलीकडचा रस्ता दिसतो. माझा आवाज म्हणतो, “पुढे रस्ता फुटतो,” मग शिटी. “आपण—” आणि पुन्हा शिटी. “पाटी बघ, मिनि—”, शिटी. नेमके आकडे शिटीत गेले आहेत. त्याने ‘हं’ किती वेळा म्हटले ते शिट्यांवरून मोजता येते. मी मोजणार नाही. मग मी विचारतो, “सगळं ऐकलंस ना? कुठून वळायचं कळलं?” आणि ज्या रेडिओने खाणे झाल्यापासून मान टाकली होती म्हणतात, त्याच रेडिओवरून, फाट्याच्या तीन मैल आधी, माझ्या मित्राचा आवाज स्वच्छ येतो: “हो हो, सगळं ऐकलं. तू हो पुढे, मी आलोच.”