साडेतीनशे जवान आणि खारट टाकी

चहा खारट लागला. दुसरा कप घेतला, तोही खारट. बंदर सोडून दोन दिवस झाले होते आणि जहाजावर साडेतीनशे जवान होते.

मी कोरेगावचा. एकाहत्तरच्या लढाईत एका मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनियर होतो. पंप, पाइप, पाण्याच्या टाक्या माझ्याकडे. गहू वाहणारं आमचं जहाज नौदलासाठी घेतलं गेलं. गोदीत डेकवर दोन तोफा बसवल्या. माल ठेवायच्या होल्डमध्ये जवानांना झोपायला लाकडी बंक ठोकले. खलाशी आम्हीच राहिलो, हुकूम मात्र कमांडरसाहेबांचा.

मी धावत जाऊन दोन नंबरची टाकी तपासली. गोड्या पाण्यात समुद्र मिसळला होता. टाकीला एक एअर पाइप असतो. पाणी भरताना आतली हवा त्यातून बाहेर पडते. त्याचं तोंड वर डेकवर असतं. तोफेला जागा करताना तो पाइप कापून आखूड केला होता आणि झाकण नुसतं टेकवलेलं राहिलं होतं. लाटा डेकवर चढल्या, झाकण गेलं, पाणी आत उतरलं. ‘सगळे पाइप तपासले’ या कागदावर सही माझी होती. तो पाइप मी लांबूनच पाहिला होता.

चीफ इंजिनियरना जाऊन सांगितलं, “सर, चूक माझी आहे.”

“ते नंतर. पाणी किती उरलंय?”

“एक टाकी. नेहमीसारखं वापरलं तर दीड दिवस.”

प्रवास अजून चार दिवसांचा होता. समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारा इव्हॅपोरेटर होता, पण तो चाळीसेक खलाशांपुरता. कमांडरसाहेब म्हणाले, “मागे फिरता येणार नाही. जवान ठरल्या दिवशी उतरले पाहिजेत. त्यांच्या सुभेदारांना तूच सांग.”

सुभेदार जतकडचे होते. मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

“गाव कुठलं तुमचं?” त्यांनी विचारलं.

“कोरेगाव.”

“मग बरोबर. तुमच्याकडं पाणी हाय, म्हणून घाबरलाय. आमच्या जतला उन्हाळ्यात एका घागरीवर घर चालतंय.”

“पण एवढ्या लोकांना सांगायचं कसं?”

“खरं हाय तेच सांगायचं. दडवलं की माणसाला जास्त तहान लागती.”

त्यांनी होल्डमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. एका जवानानं विचारलं, “चूक कुणाची, साहेब?” मी तोंड उघडणार, तोच सुभेदार म्हणाले, “आता पाण्याचं बोल. चूक काय पळून जात न्हाई.”

ते स्वतः हातात मग घेऊन पाण्याच्या पिंपाशी बसू लागले. प्रत्येकाला मोजून पाणी. आंघोळ, भांडी, सगळं समुद्राच्या पाण्यानं. भातातही थोडं तेच, त्यामुळे वेगळं मीठ लागेना. सुभेदार स्वतः सगळ्यात शेवटी प्यायचे. मी चारही दिवस इव्हॅपोरेटरपाशी होतो. त्यात साचणारं मीठ खरवडत राहायचं आणि यंत्र बंद पडू द्यायचं नाही, एवढंच काम.

चौथ्या दिवशी सगळे जवान आपापल्या पायांनी उतरले. टाकीच्या तळाला वीतभर पाणी उरलं होतं.

परतीच्या फेरीत आम्ही जखमींना आणलं. त्यांत सुभेदार होते, मांडीला पट्टी. मला ओळखून म्हणाले, “काय गड्या, गोडं हाय का आज?” मी पाण्याचा मग काठोकाठ भरून आणला. अर्धा प्यायले आणि उरलेला शेजारच्याला दिला. त्या माणसाचे आभार तेव्हा राहिले, ते आज मानतो.

रिपोर्टमध्ये मी माझी चूक लिहिली. आमच्या जहाजाच्या कॅप्टननी झाडलं, पण नोकरी राहिली. लढाई संपल्यावर तोफा काढल्या आणि जहाज पुन्हा गहू वाहू लागलं.

तेव्हापासून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मी त्यात लिहिलेली वस्तू हातानं हलवून बघतो. गॅसचा सिलिंडर घेतानासुद्धा. घरातले याला खोड म्हणतात. म्हणोत.